‘लैला’: १९७०ची की १९९२ची?

ब्रिटिश रॉक गायक-गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं ‘लैला’ हे गाणं दोन रूपांत ऐकता येतं. एक १९७०चं, मायामीच्या स्टुडिओत ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या बँडसोबत केलेलं. दुसरं जानेवारी १९९२चं, इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत, समोर श्रोते बसवून, ‘अनप्लग्ड’ अल्बमसाठी गायलेलं.

पहिल्यात इलेक्ट्रिक गिटारी एकमेकींवर धावून येतात. अमेरिकी गिटारवादक ड्वेन ऑलमनची स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) अक्षरशः आक्रोश करते, आणि उत्तरार्धात पियानो सुरू होतो. सात मिनिटांच्या वर चालणाऱ्या या गाण्यात फारसी कवी निजामीच्या लैला-मजनूमधला मजनू खरोखर वेडापिसा वाटतो.

१९९२मध्ये तो पियानोचा उत्तरार्ध गाळलाय. लय खाली आणलीय, आवाजही खालच्या पट्टीत, हातात अकूस्टिक गिटार. गाणं पाच मिनिटांच्या आत संपतं, पण प्रत्येक ओळीला श्वास घ्यायला जागा मिळते. आम्हा इंदूरकरांना हे लगेच भिडावं. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या घरांत लय उतरवली की अर्थ उघडतो, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. (रामबागेतल्या बैठकींना जाणाऱ्या काका-मावश्यांनाही मी हेच ऐकवेन.)

‘अनप्लग्ड’ला १९९३मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. माझी पसंती त्यालाच, रात्री निवांत ऐकायला तर नक्कीच. मात्र ऑलमनची ती स्लाइड तिथे नाही, आणि तिची जागा दुसरं काहीच घेत नाही. नव्याने ऐकणाऱ्याने म्हणून आधी १९७०चंच लावावं, तेही मोठ्या आवाजात.