भुईरिंगणी: लागवड आणि काढ्याचा काही महिन्यांचा अनुभव

दुकानातून आणलेल्या कंटकारीच्या, म्हणजे भुईरिंगणीच्याच, भरडीत नेमके काय कुटले आहे हे ओळखता येत नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यात भुईरिंगणी कोरडवाहू शेताच्या बांधावर मुद्दाम लावली. हिवाळ्यापासून तिचा काढा घरात घेतो आहोत.

पिवळ्या पडलेल्या फळांतील बी धुऊन, सावलीत वाळवून गादीवाफ्यावर टाकले आणि रोपे चार-पाच पानांची झाल्यावर हलवली. झाड उभे वाढत नाही, जमिनीसरशी पसरते, म्हणून दोन रोपांत तीन फूट तरी अंतर हवे. पाणी साचले तेथील रोपे कुजली. मुरमाड उतारावरची मात्र उन्हाळ्यातही हिरवी राहिली. पानाच्या दोन्ही अंगांनी शिरांवर पिवळसर, सरळ काटे असतात, फूल जांभळे आणि कच्चे फळ हिरव्यावर पांढऱ्या पट्ट्यांचे. पिवळा धोत्राही काटेरीच, पण तो मोडला की पिवळा चीक येतो. हिला चीक नाही. वांग्यावरचा हड्डा भुंगेरा हिलाही सोडत नाही आणि पानाची नुसती जाळी उरते.

दशमूळ या दहा औषधी मुळांच्या गटातील लघुपंचमुळात, म्हणजे लहान वनस्पतींच्या पाच मुळांत, हिचा समावेश आहे आणि आयुर्वेदात ती मुख्यतः खोकला व दम्यासाठी वापरतात. वैद्यांच्या सल्ल्याने आम्ही सुंठ व गुळवेलीसह हिच्या पंचांगाची (मूळ, खोड, पान, फूल व फळ) भरड सोळापट पाण्यात चतुर्थांश उरेपर्यंत आटवतो आणि वरून पिंपळीचे चूर्ण टाकतो. चव कडू आणि तिखट, मुलांच्या गळी उतरणे कठीण. तसेही मुलांना किंवा गर्भवतीला तो स्वतःच्या मनाने देऊ नये. घट्ट कफाच्या खोकल्यात कफ सुटायला मदत झाली असे वाटते, मात्र सुंठ-पिंपळीचा वाटा त्यात किती, हे वेगळे काढता येणार नाही. कोरड्या ढासेवर फरक जाणवला नाही. घरातील दम्याच्या रुग्णाचा फवारा (इनहेलर) आम्ही एक दिवसही बंद केलेला नाही आणि तो कोणी करूही नये. फळांत सोलासोडीन हे अल्कलॉइड (शरीरावर तीव्र परिणाम करू शकणारे वनस्पतिजन्य रसायन) असते, तेव्हा रानमेवा समजून ती तोंडात टाकण्याचे काम नाही.

काढणी हा सर्वांत त्रासाचा भाग आहे. वाळल्यावर काटे अधिकच कडक होतात आणि कापडी हातमोज्यांतून आरपार जातात, म्हणून चामडी हातमोजे घालून, झाड ओले असतानाच विळ्याने तुकडे करून मग सावलीत वाळवावे. लागवड पायवाटेपासून दूरच ठेवावी, कारण गळलेल्या वाळक्या पानांचे काटे पातळ चपलेतूनही पायात घुसतात.