क्रिबमध्ये झोपायला शिकताना: जन्मापासून वर्ष भरत येईपर्यंतचा अनुभव

आमची लेक आता वर्षाची व्हायला आली आहे. ती झोपते त्या क्रिबबद्दल, म्हणजे बाळाच्या गजांच्या कठड्याच्या छोट्या पलंगाबद्दल, लिहायचं बरेच दिवस मनात होतं. घेण्याआधी मी लोकांचे अनुभव भरपूर वाचले होते, पण बहुतेक सगळे खरेदीनंतर आठवड्याभरात लिहिलेले. रंग छान, जोडायला सोपी, खोलीत शोभून दिसते. बाळ तिच्यात झोपतं का, नसेल झोपत तर काय करायचं, सहाव्या-आठव्या महिन्यात काय होतं, हे कुणी लिहीत नाही. म्हणून निकाल आधीच सांगून टाकते: क्रिब चांगली आहे, जागा असेल तर जरूर घ्या. फक्त बाळाला झोपवण्याचं काम ती करेल ही अपेक्षा ठेवू नका. ते काम आपलं आहे, आणि बाळाला ते हळूहळू शिकवता येतं यावर माझा आता पूर्ण विश्वास बसला आहे.

आमची क्रिब साधी लाकडी आहे. चारही बाजू पक्क्या, गादीची फळी तीन उंचींवर लावता येते, खाली चाकं. बाजू खाली सरकणारी क्रिब आम्ही मुद्दाम टाळली. अमेरिकेत 2011 पासून तशा क्रिब विकायला बंदी आहे, कारण सरकणारी बाजू खिळखिळी झाली की गादी आणि बाजू यांच्या फटीत बाळ अडकतं. कुणाची वापरलेली क्रिब घेणार असाल तर हे आधी बघा. दोन गजांमधलं अंतर 6 सेंटिमीटरहून जास्त नको, आणि गादी व बाजू यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढीही फट नको. गादी कडक हवी. तळहाताने दाबून हात उचलला की खड्डा राहता कामा नये. मोठ्यांना ती गादी अजिबात सुखाची वाटत नाही, आणि ती तशीच असायला हवी.

गादीवर घट्ट बसणारी चादर आणि बाळ, बाकी काही नाही. सासूबाईंना ती रिकामी क्रिब बघवत नसे. "एवढ्या मोठ्या जागेत एवढंसं पोर, निदान बाजूला दोन लोड तरी लाव गं," असं त्या रोज म्हणायच्या. त्यामागची माया मला कळत होती, म्हणून वाद न घालता कारण सांगितलं. नाकातोंडावर काही मऊ आलं तर लहान बाळाला मान वळवून सुटता येत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये बाळाला पाठीवर झोपवा असं सांगायला सुरुवात केली, आणि पुढच्या दशकात तिथे झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले. त्याच संघटनेच्या 2022 च्या सूचनांत उशी, लोड, सैल पांघरूण, मऊ खेळणी, गजांना बांधायच्या गाद्या, वजनदार झोपपिशव्या (पांघरुणाऐवजी बाळाच्या अंगात घालायच्या पिशव्या) हे सगळं नको म्हटलं आहे. एवढं ऐकल्यावर लोडाचा विषय सासूबाईंनी पुन्हा काढला नाही. उलट पुढे कुणी भेट म्हणून मऊ उशी आणली की ती क्रिबच्या बाहेर ठेवायचं काम त्यांनीच घेतलं.

आता मूळ मुद्दा. पहिले काही आठवडे लेकीला क्रिब नकोच होती. कुशीत गाढ झोपलेलं बाळ खाली ठेवायचं आणि त्याने टक्क डोळे उघडायचे, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गादी गार लागते म्हणून जाग येते असं सगळे सांगतात. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी 2022 मध्ये बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून हे तपासलं, तेव्हा वेगळंच दिसलं. पाठ गादीला टेकताना नाही, आईचं अंग बाळाच्या अंगापासून सुटायला लागतं तेव्हाच बाळ सावध होतं. त्यांचा सल्ला असा: रडणाऱ्या बाळाला कुशीत घेऊन साधारण पाच मिनिटं एका लयीत चालायचं, मध्ये थांबायचं नाही की झटक्यात वळायचं नाही. झोप लागली की पाच ते आठ मिनिटं तसंच धरून बसायचं, आणि मगच ठेवायचं.

आम्हाला याचा खरंच उपयोग झाला, विशेषतः त्या बसण्याचा. डोळे मिटल्या मिटल्या ठेवायची घाई करायची नाही. हात उचलून सोडला तर तो ओल्या कापडासारखा खाली पडतो का ते बघायचं. मूठ सैल झालेली असते, श्वास लांब आणि एकसारखा झालेला असतो. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं. डोक्याखालचा हात लगेच ओढायचा नाही, आणि दुसरा तळवा छातीवर ठेवून आपण वाकलेलंच राहायचं. मग छातीवरच्या हाताचं वजन थोडं थोडं कमी करत न्यायचं. कंबर भरून येते, पण हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची.

आणखी एक गोष्ट या काळात कळली, ती प्रत्येक नव्या आईबापाला कुणीतरी सांगायला हवी. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. त्या झोपेत बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं, डोळे अर्धवट उघडतं, एखादा हुंदकाही देतं. ते जागं नसतं. क्रिब पलंगाला खेटून असल्यामुळे आम्हाला हे सगळं ऐकू यायचं आणि हात आपोआप उचलायला जायचा. मग आम्ही ठरवलं की आधी ऐकायचं. आवाज चढत जाऊन रडणं झालं तर उचलायचं, नुसती कुरकुर असेल तर थांबायचं. बहुतेक वेळा ती कूस न बदलताच पुन्हा शांत व्हायची. आधी उचललं असतं तर आपणच तिला जागं केलं असतं.

तीन महिन्यांच्या आगेमागे रात्र आणि दिवस यांत फरक दिसायला लागतो, आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेची घडणच बदलते. झोपेचं एक आवर्तन साधारण 50 ते 60 मिनिटांचं असतं, आणि प्रत्येकाच्या शेवटी बाळ जरासं चाळवतं. डोळा लागताना कूस होती, झुलणं होतं, आणि चाळवल्यावर आजूबाजूला नुसती गादी आणि अंधार असेल, तर ते रडणारच. यात हट्ट नाही आणि लाडावणंही नाही. ज्या आधाराने झोप लागली तोच आधार ते पुन्हा मागत असतं. आमच्याकडे या काळात रात्री फार कठीण गेल्या, पण सगळं कोडंही तेव्हाच उलगडलं: ज्या जागी डोळे उघडणार आहेत त्याच जागी ते मिटायला हवेत.

म्हणजे पूर्ण झोपवून ठेवण्याऐवजी पेंगत असताना ठेवायचं. म्हणायला सोपं आहे. ती खूण ओळखायला मला वेळ लागला. जांभई येते तोवर उशीर झालेला असतो. त्याच्या आधी लेकीची नजर एका जागी थिजायची, भुवयांभोवती लालसर व्हायचं आणि हात कानाकडे जायचा. तेवढ्यात दिवे मंद, दूध, कपडे बदलणं, एक अंगाई, रोज त्याच क्रमाने. दूध अगदी शेवटी न ठेवता थोडं आधी आणलं, म्हणजे पिता पिता डोळा लागणार नाही. रात्री भूक लागली तर दूध द्यायचंच, ते कधी बंद केलं नाही. सुरुवात फक्त रात्रीच्या पहिल्या झोपेपासून केली, कारण दिवसभराचा थकवा तेव्हा आपल्या बाजूने असतो. दिवसाच्या झोपांना बरेच दिवस हात लावला नाही, त्या कडेवरच झाल्या तरी चालवून घेतल्या.

पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून खाली ठेवलं तेव्हा ती रडली. छातीवर हात ठेवून थोपटत राहिले. नाहीच थांबली तर उचललं, शांत केलं, पुन्हा ठेवलं. थोपटण्याची लय हळूहळू संथ करत, झोप लागायच्या जरा आधी हात थांबवायचा, हे त्यातलं कसब. काही रात्रींनी नुसता हात पुरायला लागला. मग हात तिच्यावर न ठेवता गादीवर, मग मी शेजारी खुर्चीत, मग खुर्ची दाराकडे. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायची घाई केली नाही, आणि ताप किंवा सर्दी असली की सगळे नियम बाजूला ठेवून कुशीत घेतलं. बरी झाल्यावर दोन-तीन रात्रींत गाडी रुळावर यायची.

रडू देण्याचा प्रश्न लोक फार तावातावाने मांडतात, म्हणून माझं मत स्पष्ट लिहिते. ठरावीक अंतराने जाऊन धीर द्यायचा आणि मधल्या वेळात रडू द्यायचं, ही पद्धत आम्ही वापरली नाही, कारण आमच्या लेकीचं रडणं एकदा चढलं की खाली येत नाही. पण ती वापरणाऱ्यांना निष्ठुर म्हणणं मला अजिबात पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 6 ते 16 महिन्यांच्या 43 बाळांवर केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या पद्धतीने बाळं लवकर झोपायला लागली. वर्षभरानंतर आईशी असलेल्या जवळिकीत किंवा वागण्यात काही फरक दिसला नाही. नमुना लहान आहे, तरी भीती घालणाऱ्यांच्या हाती त्याहून भक्कम काही मी पाहिलेलं नाही. थकून गेलेली आई बाळाला घेऊन सोफ्यावर बसल्या बसल्या झोपी जाते, ते मात्र खरंच धोक्याचं आहे.

ती पालथी पडायला लागेल अशी चिन्हं दिसताच दुपट्यात गुंडाळणं बंद केलं, कारण हात बांधलेले असताना पालथं पडलेलं बाळ स्वतःला सावरू शकत नाही. बिनबाह्यांची झोपपिशवी आणली. पांघरुणाचा प्रश्न मिटला आणि पिशवी चढवणं हीच झोपेची खूण झाली. आता चेन लावली की ती अंगठा शोधायला लागते. झोपताना लावायचं एकसुरी आवाजाचं यंत्रही वापरलं, पण ते क्रिबपासून दोन मीटर लांब आणि अगदी हळू. 2014 मध्ये अशी 14 यंत्रं तपासली गेली, तेव्हा बाळाजवळ पूर्ण आवाजात सगळीच 50 डेसिबलच्या वर, म्हणजे बाळाच्या कानांना जास्तच, गेली होती.

गादीची उंची बदलणं ही या क्रिबची सगळ्यात मोठी सोय आणि तीच तिची अडचण. वरच्या पातळीवर ठेवणं-उचलणं सुखाचं. पण बाळ हातांवर रेटून उठायला लागलं की गादी खाली न्यावीच लागते, आणि उभं राहायच्या आत सगळ्यात खाली. माझी उंची बेताची आहे. खालच्या पातळीवर झोपलेल्या बाळाच्या छातीवर हात ठेवायचा तर कठडा थेट बरगड्यांत रुततो. तोवर तिला हाताची गरज उरली नव्हती म्हणून निभावलं. तुमचीही उंची कमी असेल तर दुकानात गादी तळाला लावायला सांगा आणि वाकून बघा.

आठव्या-नवव्या महिन्यात नवीनच प्रकार. ती कठड्याला धरून उभी राहायला शिकली आणि खाली बसणं येईना. मध्यरात्री गज घट्ट धरून उभी, डोळे मिटलेले, मान डुलतेय आणि रडतेय. आम्ही आडवं केलं की क्षणात पुन्हा उभी. रात्री कितीही वेळा निजवलं तरी हे सुटणार नव्हतं. मग दिवसा, ती खुशीत असताना, क्रिबमध्येच सराव केला: तळाशी आवडतं खेळणं ठेवायचं, तिचा एक हात गजावरून खाली सरकवायचा, गुडघ्यामागे हलकं दाबून पाय दुमडायचे, ढुंगण टेकलं की टाळ्या. सराव संपला की खेळणं बाहेर. बसणं जमलं त्याच आठवड्यात रात्रीचं रडणंही थांबलं. याच वयात आई नजरेआड गेली की कासावीस व्हायला लागतं. त्यासाठी दिवसभर लपाछपी खेळलो आणि रात्री न सांगता खोलीबाहेर जायचं बंद केलं.

क्रिबमधले दोष थोडक्यात. गादीची पातळी बदलल्यावर स्क्रू ढिले होतात आणि क्रिब करकरते. नेमकी त्या आवाजाने झोप मोडते, म्हणून महिन्यातून एकदा सगळे आवळून घेतो. कंपनीला कळवलं तर उत्तर नीट मिळालं नाही. चार चाकांपैकी दोनच चाकांना थांबवणारा अडसर आहे, तो पुरत नाही; चाकं आम्ही काढूनच टाकली. दात येताना वरचा कठडा कुरतडून तिने रंग उडवला, तेव्हा त्यावर कापडी पट्टी घट्ट शिवून घ्यावी लागली. चादरी निदान तीन हव्यात.

आता ती पिशवीत शिरते, कुशीवर वळते, जरा वेळ स्वतःशीच काहीतरी बडबडते आणि झोपते. पहाटे एकदा उठते, दूध पिते, परत जागेवर. उंची 89 सेंटिमीटर झाली, किंवा कठडा तिच्या उंचीच्या पाऊण भागाहून कमी पडायला लागला, की ती चढून बाहेर पडू शकेल. तेव्हा क्रिब आवरून जमिनीलगतच्या पलंगाकडे वळायचं असं ठरवलं आहे. त्याबद्दलचा अनुभवही वापरून झाल्यावर लिहीन. तोवर क्रिब जोडण्याबद्दल किंवा गादीच्या मापाबद्दल काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा.