वाढत्या ॲरेसाठी रीअलॉक की व्हेक्टर?

किती नोंदी येणार हे आधी माहीत नसलेलं काम हातात आलं की हा प्रश्न येतोच. सी भाषेतच राहून मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) आणि रीअलॉकने (घेतलेली मेमरी वाढवणारं फंक्शन) ॲरे, म्हणजे नोंदींची सलग रांग, हाताने वाढवत न्यायचा, की सी प्लस प्लसमध्ये जाऊन व्हेक्टरवर, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या तयार ॲरेवर, सोपवून मोकळं व्हायचं? मी दोन्ही केलंय. आज नवं काम आलं तर माझा हात व्हेक्टरकडे जातो. तरी रीअलॉकच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधी बोलून घेतो.

रीअलॉकला फक्त बाइट्सशी मतलब. ब्लॉकला, म्हणजे घेतलेल्या मेमरीच्या तुकड्याला, लागून पुढची जागा मोकळी असेल तर तो ब्लॉक जागच्या जागी लांबवतो, काहीच कॉपी करावं लागत नाही. ब्लॉक मोठा असेल तर लिनक्सवर आणखी मजा आहे. जीलिबसी ही तिथली सीची लायब्ररी साधारण १२८ किलोबाइटच्या पुढचे ब्लॉक वेगळे मॅप करते आणि वाढवताना एमरीमॅप हा सिस्टिम कॉल वापरते. म्हणजे पेज टेबलमधल्या (कुठला पत्ता मेमरीत कुठे, या तक्त्यातल्या) नोंदी बदलतात, डेटा जिथल्या तिथे राहतो. व्हेक्टरला ही सवलत नाही. त्याच्या पोटात ऑब्जेक्ट असतात, बाइट्सची रास नव्हे. त्यामुळे नवी जागा घ्या, एकेक ऑब्जेक्ट तिकडे न्या, जुनी जागा सोडा, असं सगळं बिऱ्हाड हलवावं लागतं. त्यात तुमच्या क्लासचा मूव्ह कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्टचा ऐवज कॉपी न करता नव्या ऑब्जेक्टकडे सोपवणारं फंक्शन) ‘नोएक्सेप्ट’, म्हणजे एक्सेप्शन न फेकण्याची हमी दिलेला, नसेल आणि कॉपी करता येत असेल, तर तो बिचारा मूव्ह सोडून कॉपीच करत बसतो. हलवाहलव चालू असताना जुनी आणि नवी अशा दोन्ही जागा अडकतात, तेही ध्यानात ठेवा. साध्या स्ट्रक्टचा (नुसत्या फील्डांच्या गठ्ठ्याचा) शेकडो मेगाबाइटचा ॲरे असेल, किंवा मायक्रोकंट्रोलरवर काम असेल, तर रीअलॉकवाल्यांशी मी वाद घालणार नाही.

आता माझी गोष्ट. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी सीमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. उसाची गाडी काट्यावर आली की नोंद, पाळी संपली की अहवाल. एक नोंद ६४ बाइटची, त्यात पहिलंच फील्ड वजनाचं. ॲरे २५६ नोंदींचा, भरला की आणखी २५६. नोंद जोडणाऱ्या फंक्शनला मी तीन गोष्टी पाठवत होतो: ॲरे, मोजणी आणि क्षमता. मोजणी आणि क्षमता बदलतात म्हणून त्यांचे पत्ते पाठवले. ॲरे मात्र तसाच पाठवला, कारण ‘तो तर पॉइंटरच, म्हणजे पत्ताच आहे, त्याचा आणखी पत्ता कशाला?’

जाणत्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. रीअलॉकने ब्लॉक दुसरीकडे नेला की नवा पत्ता फंक्शनमधल्या लोकल पॉइंटरला कळतो, बोलावणाऱ्याच्या हातात जुनाच राहतो. पण पहिला अख्खा गळीत हंगाम हे बिनबोभाट चाललं! ॲरेच्या पुढे हीपमध्ये (मॅलॉक जिथून जागा देतो त्या मेमरीत) दुसरं काही नव्हतंच. त्यामुळे ब्लॉक दर वेळी जागीच लांबत होता आणि जुना पत्ता खराच ठरत होता.

दुसऱ्या हंगामात मागणी आली की अहवालात शेतकऱ्याचं नावही हवं. मी प्रत्येक नोंदीमागे एक स्ट्रडप (हीपमध्ये जागा घेऊन मजकुराची प्रत करणारं फंक्शन) टाकला. झालं, ॲरेच्या पाठीला नावं चिकटून बसली, लांबायला जागा उरली नाही. सुरुवातीच्या दिवसांत पाळीला दीडशे-दोनशे खेपा, म्हणजे ॲरे वाढायची वेळच येत नव्हती. ऐन भरात एका रात्रपाळीने २५६ ओलांडले. ब्लॉक हलला, जुनी जागा मोकळी झाली आणि २५७व्या गाडीच्या मालकाचं नाव नेमकं त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी, पहिल्या नोंदीच्या वजनावर जाऊन बसलं. ५१२चा टप्पा येण्याआधी पाळी संपली, त्यामुळे प्रोग्रॅम कोसळलाही नाही. अहवाल नीट छापून आला. पहिल्या बैलगाडीचं वजन: १,७६,९२,३४,७६८ किलो.

काट्यावरच्या माणसाने विचारलं, “साहेब, हिला बैल किती जुंपले होते?”

तो आकडा मी सोळाच्या पायात मांडला तेव्हा त्यात पी, ए, टी, आय ही चार अक्षरं दिसली. पाटील! नाव इंग्रजी अक्षरांत साठवलं होतं म्हणून निदान ओळखता तरी आलं.

चूक माझी होती, सीची नव्हे. पॉइंटरचा पॉइंटर पाठवला असता तर प्रश्नच नव्हता. पण त्या प्रकारात मला खरा त्रास झाला तो चूक लपून राहण्याचा. व्हेक्टरमध्येही अगदी हीच चूक करता येते: फंक्शनला रेफरन्सने, म्हणजे मूळचाच, न देता नुसता पाठवायचा. मग त्याची कॉपी होते, फंक्शन कॉपीत भर घालतं आणि बाहेरचा व्हेक्टर रिकामाच राहतो. फरक इतकाच की हे पहिल्या नोंदीलाच, माझ्या टेबलावर, चहा गार व्हायच्या आत कळतं. ब्लॉक जागी लांबला का हलला, हीपमध्ये शेजारी कोण आहे, यावर काही अवलंबून राहत नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

व्हेक्टर अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. त्यातल्या एखाद्या घटकाचा पॉइंटर किंवा इटरेटर (घटकाची जागा दाखवणारी खूण) धरून ठेवला आणि मध्ये एक पुशबॅक, म्हणजे टोकाला नवी भर, झाला, तर क्षमता संपलेली असल्यास तो पॉइंटर वाऱ्यावर. हीसुद्धा लपणारीच चूक, आणि रीअलॉकमध्ये निदान ‘रीअलॉक’ हा शब्द डोळ्यांसमोर असतो, पुशबॅक तर किती निरागस दिसतो. मी हल्ली पत्ता धरतच नाही, क्रमांक धरतो. पत्ते टिकायलाच हवे असतील आणि भर फक्त टोकाला पडणार असेल, तर डेक वापरतो, म्हणजे सी प्लस प्लसमधला दोन्ही टोकांनी वाढणारा प्रकार.

वाढ किती करायची, हेही व्हेक्टर आपल्या डोक्यावरून काढून घेतो. जीसीसी कंपायलरचा दुप्पट होतो, मायक्रोसॉफ्टचा दीडपट. माझ्या ‘आणखी २५६’ पद्धतीने दहा लाख नोंदी भरताना दर वेळी ब्लॉक हलला असता, तर जवळजवळ १९५ कोटी नोंदींची कॉपी झाली असती. दुपटीच्या हिशेबात तीच हलवाहलव साडेदहा लाखांच्या आत आटोपते. मात्र अति शहाणपणा नको. आमच्याकडे एकाने लूपमध्ये दर पुशबॅकआधी ‘आणखी एकाची जागा’ म्हणून रिझर्व्ह (आगाऊ जागा राखणारं फंक्शन) लिहिलं होतं. जीसीसीचा व्हेक्टर त्यावर तेवढीच जागा घेतो, म्हणजे दुपटीचा फायदा गेला आणि दर नोंदीला बिऱ्हाड हललं. रिझर्व्ह एकदाच, लूपच्या बाहेर.

सीमध्येच राहणार असाल तर दोन सवयी लावून घ्या. रीअलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. मेमरी मिळाली नाही तर ते नल (रिकामा पत्ता) येतं, जुना ब्लॉक शाबूत असतो, पण त्याचा पत्ता तुम्ही पुसून बसलेले असता. आणि चाचणी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावूनच करा. त्याच्या राज्यात रीअलॉक ब्लॉक दर वेळी हलवतोच, त्यामुळे माझ्यासारखा हंगामभर गाफील राहायची सोय नाही.

काट्याचा प्रोग्रॅम अजून सीमध्येच आहे, चालत्या गाड्याला कोण हात लावणार? ॲरे, मोजणी आणि क्षमता एका स्ट्रक्टमध्ये कोंबली, सगळीकडे त्या स्ट्रक्टचाच पत्ता पाठवला, वाढवणं एका फंक्शनमध्ये बंद केलं, वाढ दुप्पट केली. लिहून झाल्यावर पाहिलं तर साठेक ओळींचा व्हेक्टरच झाला होता. फक्त डिस्ट्रक्टर, म्हणजे काम संपलं की जागा आपोआप सोडणारं फंक्शन, नाही. फ्री मला अजून आठवणीने करावं लागतं.