भरतीचे पॅकेज घेतले आणि कारखान्याचे नाव गेले

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामे करून देण्याचा, छोटा कारखाना आहे. 4 सीएनसी लेथ, 2 व्हीएमसी (सगळी संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी यंत्रे) आणि सगळे मिळून 22 माणसे. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली तरी तीन ऑपरेटर परत आलेच नाहीत. दोघे चाकणला गेले आणि एक हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला. ऑर्डर हातात, मशीन बंद, अशा अवस्थेत माणूस समोर येणाऱ्याचे बोलणे जरा जास्तच मन लावून ऐकतो, हे मी आधी कबूल करतो.

त्याच आठवड्यात एका गृहस्थाचा फोन आला. आपण पुण्याहून बोलत असून मोठ्या नोकरी संकेतस्थळांचे अधिकृत भागीदार आहोत, पाच कंपन्यांशी आपला करार आहे, असे त्याने शुद्ध मराठीत सांगितले आणि संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर एक तक्ता पाठवला. नोकरी डॉट कॉम, इंडीड, लिंक्डइन, ग्लासडोर आणि अॅम्बिशनबॉक्स असे पाच रकाने, प्रत्येकाचे दर, उमेदवारांची कोटींतली संख्या, आणि शेवटी त्याचे स्वतःचे पॅकेज, ज्यात या पाचही ठिकाणांचा वापर आणि शिवाय ‘एम्प्लॉयर ब्रँडिंग’, म्हणजे नोकरी देणारा म्हणून आमचे नाव उजळवणे, मिळणार होते. तक्ता इतका नेटका होता की मी स्वतः काही तुलना करण्याचे कारणच उरले नाही.

आज तोच तक्ता पुन्हा काढून पाहतो तेव्हा त्यातली लबाडी दिसते. नोकरी डॉट कॉम आणि अॅम्बिशनबॉक्स ही दोन्ही इन्फो एज या एकाच कंपनीची आहेत, इंडीड आणि ग्लासडोर हे जपानच्या रिक्रूट समूहाचे आहेत. म्हणजे ‘पाच कंपन्यांशी करार’ ही फुशारकी पहिल्याच नजरेत संशयास्पद ठरायला हवी होती. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात किती टर्नर किंवा सीएनसी सेटर या ठिकाणी नोंदलेले आहेत, हा माझ्या कामाचा एकमेव आकडा मात्र कोणत्याच रकान्यात नव्हता. केंद्र सरकारचे 2015 साली सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलही तक्त्यात नव्हते. तिथे मालकाला जागा टाकायला पैसे पडत नाहीत, आणि जिथे पैसे पडत नाहीत तिथे मध्यस्थाला काय मिळणार?

पॅकेज 40,000 रुपयांचे, 18 टक्के जीएसटी धरून 47,200. कंपनीचे खाते ऑडिटमुळे अडकले आहे असे सांगून त्याने एका व्यक्तीच्या बचत खात्याचा क्रमांक दिला आणि मी पैसे पाठवले. एका नामांकित संकेतस्थळाचे लॉगिन मिळाले, ते तीन दिवस चालले. मिळालेल्या बायोडाटांतले निम्मे नंबर बंद होते आणि उरलेल्यांपैकी एकाने मला चार वर्षांपूर्वीच दुबईला गेल्याचे सांगितले. ते लॉगिन दुसऱ्याच कोणत्या तरी कंपनीच्या नावावरचे असून भाड्याने फिरवले जात होते, हे बंद पडल्यावर कळले.

ब्रँडिंगचा भाग मात्र त्याने तत्परतेने केला. कंपन्यांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर आठवड्यात आमच्या कारखान्याबद्दल 14 अभिप्राय आले, सगळे पाच ताऱ्यांचे, आणि त्यांतल्या तिघांना आमचे कॅन्टीन फार आवडले होते. आमच्याकडे कॅन्टीन नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा येतो. पुढे संकेतस्थळाने ते अभिप्राय एकदमच काढून टाकले, आणि आमच्या एका जुन्या कामगाराने मनापासून लिहिलेला बरा अभिप्रायही त्यांच्यासोबत गेला.

पैशांचा संशय प्रथम आमच्या अकाउंटंटला आला. बिलावर पत्ता पुण्याचा, जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या 27 ने सुरू होणारा, आणि कर मात्र एकाच राज्यातल्या व्यवहारासारखा, केंद्राचा सीजीएसटी 9 टक्के व राज्याचा एसजीएसटी 9 टक्के असा लावलेला. राज्याच्या हद्दीपलीकडून माल किंवा सेवा घेतली की त्याऐवजी आयजीएसटी लागतो, हे शिनोळीशी व्यवहार करणाऱ्या आपल्या भागातल्या कोणत्याही दुकानदाराला तोंडपाठ असते. मी बिल फाइलला लावताना ते पाहिलेही नव्हते. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून पाहायला लॉगिनही लागत नाही. पाहिले तेव्हा ती नोंदणी रद्द झालेली निघाली, आणि तीही कापडाच्या व्यापाराची.

इथवर झाले ते माझे नुकसान होते. पुढचे तसे नाही. एका सोमवारी सकाळी खानापूरपलीकडच्या गावातली दोन मुले गेटवर उभी होती. त्यांतल्या थोरल्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला रंगीत कागद काढला आणि म्हणाला, “काका, हे तुमचंच न्हवं? आज जॉइन व्हायला सांगितलंय.” कागद आमच्या लेटरहेडवर होता, खाली आमचा शिक्का आणि माझी सही. ‘प्रोफाइल बनवण्यासाठी’ म्हणून मीच हे सगळे स्कॅन करून पाठवले होते. कागदाच्या कोपऱ्यात आमच्या गेटचा फोटो होता आणि त्यात माझी स्कूटर उभी होती. प्रत्येकी 750 रुपये ‘नोंदणी फी’ भरून ती मुले आली होती. त्या महिन्यात अशी 11 मुले आली.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर मी पैसे गेल्यानंतर जवळजवळ महिन्याने फोन केला. तक्रार लगेच झाली तरच पुढच्या खात्यात रक्कम रोखता येण्याची काही शक्यता असते. माझी तोवर केव्हाच काढली गेली होती. पोलिसांत जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला. मला बोलता येते, वाचताना अडखळतो, म्हणून भाच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेऊन मगच सही केली. आता सही करताना हात जरा थांबतो.

ऑपरेटर शेवटी मिळाले, ते कसे तेही सांगतो. एक आयटीआयच्या फलकावरची सूचना वाचून आला आणि दोघे आमच्याच कामगारांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून. डिझाइन इंजिनिअरसाठी मात्र लिंक्डइनवर स्वतःच्या खात्यातून टाकलेली फुकट जाहिरात कामी आली.

गेटवर आता मराठी आणि कन्नडमध्ये पाटी आहे: नोकरीसाठी आम्ही कोणाकडूनही पैसे घेत नाही. मागच्या आठवड्यात एक मुलगा ती पाटी नीट वाचून आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि हळूच विचारू लागला, “म्हणजे पैसे नंतर द्यायचे काय?”