जपानात मुक्काम: कॅप्सूल की र्‍योकान?

पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकात उघडलं. कॅप्सूल म्हणजे साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तेवढाच उंच कप्पा. स्लीपर कोचच्या वरच्या बर्थवर वाढलेल्या आपल्याला त्याचं काय नवल! उलट इथे मध्यरात्री चहावाला ओरडत नाही. स्वस्त, स्वच्छ, दाराऐवजी पडदा. घोरणाऱ्यांनी मात्र देवाचं नाव घेऊन झोपावं.

र्‍योकानचं प्रकरण वेगळं. ही जपानची पारंपरिक सराई. दारात बूट काढणं आपल्याला जमतं. मग सपाता मिळतात, पण त्या तातामी चटईवर चालत नाहीत, आणि संडासाच्या सपाता निराळ्याच. मी नेमका त्या घालून जेवणघरापर्यंत गेलो. कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे फक्त माझ्या पायांकडे पाहत राहिले. युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, नेसताना डावी बाजू वर घ्यायची, कारण उजवी वर घेतात ती प्रेताची. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, आधी घासूनपुसून आंघोळ, मग गरम कुंडात उतरायचं, तेही अंगावर सूत न ठेवता. हातातला छोटा पंचा डोक्यावर. (लाज तिथे नसते, पण रिवाज आहे.)

र्‍योकानचा खर्च कॅप्सूलच्या कितीतरी पट, त्यात बहुधा रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी येते. चार रात्री असतील तर तीन कॅप्सूलला, एक र्‍योकानला. सपाता तेवढ्या बघून घाला.