त्रिस्तान नार्वाहाचा रविवार बाजार: पुस्तकं घ्या, पण पानं मोजून

उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ, तिथे महिनाभर होतो. चार रविवार मिळाले, चारही या बाजाराने खाल्ले. विद्यापीठ आणि राष्ट्रीय ग्रंथालय जवळच, 18 दे हुलिओ या हमरस्त्यावरून आत वळलं की सुरू. आधी टोमॅटो, पिंजऱ्यातले पक्षी, गंजके नळ, कुणाच्या तरी आजीच्या बश्या. पुस्तकं त्यातूनच शोधायची: टेबलांवर, जमिनीवरच्या चादरींवर, मागच्या जुन्या दुकानांत.

बेनेदेत्ती आणि गालेआनो हे इथले लाडके लेखक ढिगाने मिळतात. त्यांच्यासाठी घासाघीस करत बसू नका, पुढच्या टेबलावर आणखी एक प्रत असतेच. खरी मजा खालच्या खोक्यांत आहे. 'मार्चा' साप्ताहिकाचे पिवळे पडलेले अंक हाती लागले. 1939 साली निघालेलं हे साप्ताहिक लष्करी राजवटीने 1974 साली बंद पाडलं. त्याच वर्षी 'मार्चा'च्या कथास्पर्धेचा परीक्षक म्हणून इथल्याच कादंबरीकार ओनेत्तीला तुरुंगात टाकलं, कारण बक्षीस दिलेली कथा सरकारला झोंबली. पुढे तो स्पेनला गेला तो गेलाच, 1994 साली माद्रिदमध्येच वारला. असले अंक हातात धरले की कागदाची पूड बोटांना लागते. रुमाल न्या.

आता तक्रार. एका टेबलावरून 200 पेसोंना 'ला त्रेग्वा' घेतली, बेनेदेत्तीची 1960 सालची कादंबरी. पन्नाशीला टेकलेला विधुर हिशेबनीस निवृत्तीचे दिवस मोजत डायरी लिहितो. मी स्वतः हिशेबखात्यात 31 वर्षं काढलेली, त्यामुळे पहिल्याच नोंदीला अडकलो: सहा महिने अठ्ठावीस दिवस बाकी! शब्दकोश घेऊन आठवडाभर वाचली. सप्टेंबरातल्या एका दुःखाच्या नोंदीपाशी दोन दिवस पुढे जाववलं नाही. मग गेलो, तर शेवटची सोळा पानं गायब. शिवण उसवून अख्खा जुडगाच पडलेला. घेताना विचारलं होतं, तेव्हा विक्रेत्याने "पूर्ण आहे" म्हणून छातीठोक सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी तावातावाने गेलो. काखेत थर्मास, हातात माते, म्हणजे नळीने ओढायचा इथला कडवट चहा; म्हाताऱ्या विक्रेत्याने पुस्तक उलटं धरून झटकलं, जणू पानं आतून पडतील. पैसे परत नाहीत म्हणाला. खोक्यातून कवयित्री इदेआ विलारिन्योच्या प्रेमकवितांचं चोपडं काढून दिलं. "ही घे. ज्याला अर्पण केलंय तो ओनेत्ती, तोच तिचा छळवादी." सौदा माझ्या फायद्याचा झाला, हे कबूल. तिच्या कविता इतक्या साध्या शब्दांत आहेत की माझ्यासारख्या नवशिक्यालाही शब्दकोश क्वचितच लागला.

पाचपैकी चार तारे. सकाळी लवकर जा, दुपारी तीननंतर आवराआवर सुरू होते. स्पॅनिश पुस्तकातून शिकला असाल तर कान तयार ठेवा, इथे 'यो'चा 'शो' होतो.

निघताना मी विचारलं, त्या सोळा पानांत होतं तरी काय? म्हातारा मातेची नळी तोंडातून न काढता म्हणाला, "काय होणार? निवृत्त होतो."