मोगल उतरताना: माथ्यावरून वळावं की खाचेतून?

कोल्हापुरातून औली-गुलमर्गला जाऊन स्कीइंगचा साधा उतार जमलेल्यांना पुढे मोगल, म्हणजे उतारावरचे बर्फाचे उंचवटे, खुणावतात. अनेक जण त्याच त्याच जागी वळले की बर्फ ढकलला जाऊन हे उंचवटे तयार होतात.

माथ्यावर वळताना स्कीचा फक्त मधला भाग बर्फाला टेकतो, टोकं हवेत असतात; त्यामुळे ती सहज फिरते. मग उंचवट्याच्या पाठीवरून कडेने घसरत वेग कमी करायचा. प्रत्येक माथ्यावर पुढचं वळण ठरवायला क्षणभर उसंत मिळते. भीती जाते ती इथेच.

उंचवट्यांमधल्या खाचेची वाट सरळ आणि वेगवान. १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये पदकासाठी खेळल्या जाणाऱ्या मोगल स्पर्धेत हीच दिसते. उंचवटा येताच गुडघे वर घ्यायचे, तो ओलांडताच पाय लांबवून टोकं खाली दाबायची. एक वळण चुकलं की पुढचंही बिघडतं.

माझं मत ठाम आहे: पहिला मोसम माथ्याचाच. खाचेसाठी मांड्यांत दम लागतो आणि तो कोल्हापुरातच कमावता येतो: तालमीतल्या बैठका, पन्हाळ्याच्या पायवाटांवरची उतरण. दोन्ही वाटांवर मागे मात्र झुकू नका. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली राहू द्या.